खर्जातला सूर

मोठ्या समीक्षकाने पेपरात लिहिलं, "दोन्ही पाय भराभर दुसऱ्याच पट्ट्यांवर पळत असताना तो खर्जातला सूर त्यांनी शेवटपर्यंत धरला कसा? अंगावर काटा आला!" पाइप ऑर्गनच्या त्या नामवंत वादकाने तोंडातून ब्र काढला नाही. खरं तर पायाने दाबायची ती जुनी पट्टीच अडकली होती आणि सूर आपोआप वाजत राहिला होता.

आज दुसऱ्या शहरात, तोच सूर ऐकायला हॉल खच्चून भरला होता. पडद्याआड वादकाने ऑर्गनच्या मिस्त्रीला हळूच विचारलं, "इथली खर्जाची पट्टी... अडकते का हो कधी?"



मिस्त्री छाती ठोकून म्हणाला, "कालच सगळ्या नव्या बसवल्यात, साहेब. अडकायची काय बिशाद आहे? तुम्ही बिनधास्त वाजवा!"