पाठीवरची घडी

"सही कर, दादा. तुझ्या भावासाठीच चाललंय सगळं," चित्रकलेचे मास्तर म्हणाले आणि त्यांनी अर्ज लॉंड्रीच्या काउंटरवर सरकवला.

दादानं पेन घेतलं नाही. हात ओले आहेत म्हणाला. हात कसले ओले, क्लबच्या कपड्यांचं गाठोडं अजून सोडलंच नव्हतं.

बास्केटबॉलच्या मोसमाचा पहिलाच सामना, तोही घरच्या कोर्टवर, आणि संघ एकोणीस गुणांनी हरला होता. अब्रूचं पार खोबरं झालं होतं. यंदा क्लबनं जुने खेळाडू घरी पाठवून सगळे नवे आणले. राहिला एकटा कॅप्टन, चार नंबर, दादाचा धाकटा भाऊ. सकाळपासून लॉंड्रीत तेच दळण चालू होतं. औषधांच्या दुकानाचे मालक म्हणत होते, सोन्यासारखी माणसं काढली आणि ही खोगीरभरती केली. पोस्टमास्तर म्हणत होते, कॅप्टननं एकट्यानं बावीस गुण केले, बाकीचे काय हवा खायला आले होते? सगळ्यात जास्त राग अकरा नंबरवर. लांबलचक, हडकुळा पोरगा, महिनाभराच्या बोलीवर घेतलेला. शिडी म्हणायचे त्याला. शिडीच्या हातून नऊ वेळा चेंडू निसटला होता. खुद्द कॅप्टननंच पेपरात सांगितलं होतं की नव्या मुलांना दम नाही, त्यांच्यामुळे हरलो. झालं, आणखी काय हवं? शिडीला परत पाठवा म्हणून अर्ज तयार झाला, बेचाळीस सह्या झाल्या. संध्याकाळी कमिटीची बैठक होती. वरची ओळ दादासाठी मोकळी ठेवली होती, कारण अठरा वर्षं संघाचे कपडे धुणाऱ्याच्या शब्दाला तिथे वजन होतं.

शिडी दादालाही आवडला नव्हता, खोटं कशाला बोला? आणि भाऊ म्हणजे त्याचा जीव की प्राण. आईवडील गेले तेव्हा भाऊ नऊ वर्षांचा होता. संध्याकाळी तो सराव करून आला की दादा त्याला दारातच अडवायचा आणि पाठीवर हात ठेवून बघायचा. शर्ट ओला असला तर ताट वाढलेलं. कोरडा असला तर दार लावून घ्यायचा, आणि पोरगं मुकाट्यानं परत कोर्टवर जायचं. असं दोनदाच झालं. तिसऱ्यांदा वेळ आली नाही.

कपडे भिजत घालतो आणि मग सही करतो, असं म्हणून दादानं गाठोडं सोडलं.

धुणाऱ्याला सामना वेगळा बघावा लागत नाही. बाकावर बसून राहिलेल्यांच्या जर्सीवर इस्त्रीची घडी जशीच्या तशी असते. खेळणाऱ्याची घडी पहिल्या पाच मिनिटांत मोडते. अकरा नंबर आधी हाताला लागली. रात्रभर बांधून ठेवूनही ओलीगच्च. कडेला मिठाचे पांढरे पट्टे, खांद्यावर रक्ताचा डाग, कमरेपाशी जमिनीवर घासून कापड विरलेलं. दादा म्हणाला, बापरे.

गाठोड्याच्या दुसऱ्या टोकाला चार नंबर निघाली. पाठीवर मधोमध त्यानं स्वतः घातलेली घडी सरळ उभी होती. त्यानं तिच्यावर हात ठेवला. कोरडी. सोबतच्या चड्डीत गुंडाळलेले, गुडघ्यांना बांधायचे दोन लांब क्रेप बँडेज होते आणि त्यांना दुखण्यावरच्या मलमाचा उग्र वास येत होता.

मग त्याला कालचा सामना नीट दिसला. भाऊ धावलाच नव्हता. एका जागी उभं राहून तो बास्केट करत होता. चेंडू आणून देणारा शिडी, भावाच्या वाट्याचा माणूस अडवायला पळणारा शिडी, धडपडणारा शिडी. त्याचे हात गळून गेले आणि चेंडू निसटले. गुडघे काय, सगळ्यांचेच जातात. मला सांगितलं असतं तर रडलो असतो दोघं मिळून. पण भावाला सगळं ठाऊक होतं, आणि त्यानं ते परक्या पोराच्या माथी मारलं. एवढं वाढवून काय वाढवलं आपण, असं दादाला वाटलं.

चार नंबर त्यानं काउंटरखाली सारली. अकरा नंबर उचलून अर्जावर ठेवली. ओल कागदात उतरली आणि सह्यांची शाई पसरायला लागली.

"हात लावून बघा," तो म्हणाला. "हिच्याविरुद्ध माझी सही होणार नाही."

मास्तरांनी घाईघाईनं कागद ओढून घेतला. मग हरलो कुणामुळे ते तरी सांग, म्हणाले. दादानं सांगितलं नाही. झाकली मूठ होती, आणि कशीही असली तरी ती घरची होती. सही नसली तरी अर्ज जाणारच, असं बजावून मंडळी पायऱ्या उतरली. सख्ख्या भावाच्या पाठीशी उभा राहत नाही, कसला हा माणूस, असं पोस्टमास्तर मुद्दाम मोठ्यानं बोलले. दादानं ते ऐकलं आणि नळ सोडला.

दुपारी क्लबची गाडी आली. इस्त्री केलेल्या गठ्ठ्यावर दादानं चार नंबर ठेवली. ड्रायव्हर जुना होता, त्याची नजर तयार होती. ही धुवायची राहिली वाटतं, तो म्हणाला.

"राहिली नाही. बैठकीच्या आधी कॅप्टनच्या हातात दे," दादा म्हणाला. "म्हणावं, दादानं पाठीवर हात ठेवून बघितलं."