मोकळी झालेली शीर

“माझ्यापासून काही लपवायचं नाही हं, कितीही वाईट असलं तरी. द्या शब्द!” ऑपरेशनला आत नेताना बायकोने त्याच्याकडून वचन घेतलं होतं.

तिला मल्टिपल स्क्लेरोसिस होता, हळूहळू पाय लुळे करणारा मज्जातंतूंचा आजार. मानेतली तुंबलेली शीर मोकळी केली की असे रुग्ण चालू लागतात, असं काही डॉक्टर म्हणत. बाकीचे त्याला थोतांड म्हणत. खरंखोटं एकदाचं ठरवायला डॉक्टरांनी चाचणी घेतली होती, तीही त्यात होती. निम्म्या रुग्णांची शीर मोकळी करणार होते, उरलेल्यांना नुसतीच चीर देऊन घरी पाठवणार होते. कोणाचं काय केलं, ते चाचणी संपल्यावरच सांगणार होते.

घरी आल्यावर तिने चाकांची खुर्ची माळ्यावर टाकायला लावली. आज तर काठीही न घेता ती ओट्यापाशी उभी राहून चहा गाळत होती.

“अहो, असं टक लावून बघू नका, दृष्ट लागेल माझ्या पायांना!”

तो हसला, तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर होते. “चाचणी संपली. तुमच्या मिसेसना आम्ही फक्त चीर दिली होती. शिरेला हातही लावलेला नाही.”



त्याने माळ्यावरची खुर्ची खाली काढली, नीट पुसली, आणि दिलेला शब्द पाळायला हळूच स्वयंपाकघराकडे निघाला.