व्याह्याचं पांघरूण

मारोतरावाने ते लोकरीचं पांघरूण बायकोच्या, नीलाच्या, तोंडावर फेकलं, दाराची कडी लावली आणि ट्रान्झिस्टर मोठ्याने लावला. कोपऱ्यात विणत बसलेल्या रुखमाबाईने क्रोशाची सुई खाली ठेवली. भरदुपारी कडी लागली की पुढे काय होणार, हे त्याच्या मायला कोणी सांगायची गरज नव्हती.

"तुह्या बापाच्या अंगावरून वढून आनलं," तो नीलाला म्हणाला. "कुडकुडून राहिला होता थेरडा, तरी आनलं. माह्या घरची लोकर त्याच्या खाटेवर गेलीच कशी?"

धंतोलीच्या दवाखान्यात पडलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण ओढायचं! आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून ते वाडीतल्या आपल्या चाळीपर्यंत मिरवत आणायचं, लढाई जिंकल्यासारखं! असलं रत्न आपल्याच पोटी निपजलं म्हणून रुखमाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नीला सहा महिन्यांची पोटुशी. दोन्ही हात पोटावर धरून ती भिंतीला टेकली. त्याने फाडकन तिच्या थोबाडीत ठेवून दिली.

"बोल! कोनाले इचारून नेलं?"

नेलं होतं रुखमाबाईने. भाच्यांना, शेजारणींना, कोणाच्या बारशाला, कोणाच्या दुखण्याला, ज्याला त्याला ती पांघरुणं विणून द्यायची. मग व्याह्यानेच काय घोडं मारलं होतं? शेजारच्या शोभाताईला सोबत घेऊन ती दवाखान्यात गेली आणि व्याह्याच्या, नत्थूजींच्या, अंगावर तिने ते स्वतःच्या हाताने घातलं. नीला तेव्हा बापाच्या उशाशीच बसलेली होती. आता एक शब्द बोलली असती तरी सुटली असती.

"मीच नेलं," नीला म्हणाली.

रुखमाबाई अर्धी उठली आणि पुन्हा खाली बसली. पोटच्या पोराचा धाक! ही काय लोकांना सांगायची गोष्ट आहे? पोळ्याच्या दिवशी मध्ये पडली तेव्हा त्याने तिचं मनगट असं पिरगाळलं होतं की पुढे कितीतरी दिवस तिला सुई धरता आली नव्हती.

"चोट्टी! माहेर भरून राहिली?" त्याने कमरेचा पट्टा काढला. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसऱ्याला बक्कल ओठाला लागलं आणि रक्ताची धार नीलाच्या हनुवटीवरून खाली आली. ती पोट सांभाळत खाली बसली, अंगाचं गाठोडं करून. पट्टा टाकून मारोतरावाने पाय उचलला.

मागल्या खेपेचं बाळ असंच गेलं होतं. लाथेनं. लोकांना सांगितलं, बाई न्हाणीत घसरून पडली.

वाडीच्या गोदामांतल्या हमालांची एक रीत आहे. एखादा मुकादम फार माजला की मागून त्याच्या डोक्यावर घोंगडं टाकायचं आणि मिळून झोडपून काढायचं. आतल्याला कळत नाही कोणी मारलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळे साळसूद. रुखमाबाईला ते आठवलं की तिचे हात आपोआप चालले, देव जाणे. न्हाणीतली कपडे धुवायची मोगरी तिच्या हाती आली. खाली पडलेलं पांघरूण तिने उचललं, मागून पोराच्या डोक्यावर टाकलं आणि मोगरी त्याच्या गुडघ्यामागे हाणली.

तो कोसळला. ती एक शब्द बोलली नाही. पाठीत हाणली, खांद्यावर हाणली. मानेनेच नीलाला खूण केली, तशी नीलाने सरपटत जाऊन कडी काढली. बाहेर शोभाताई लाटणं घेऊन उभीच होती. आत काय चाललंय ते तिने पाहिलं आणि पदर खोचला. बायकांना असल्या गोष्टी समजावून द्याव्या लागत नाहीत. दोघी मुकाट्याने मारत होत्या आणि वर ट्रान्झिस्टरवर कोणीतरी प्रेमाचं गाणं म्हणत होतं.

"माय?" आतून आवाज आला.

दोघींचे हात थांबले.

घाईत म्हातारी चुकली होती. हमालांचं घोंगडं जाड आणि काळंभोर असतं. हे तर रुखमाबाईचं विणकाम, खांब आणि साखळीच्या टाक्यांची जाळी, बोट जाईल एवढी भोकं. सगळी चाळ जिचं कौतुक करायची, त्याच जाळीतून तो एका डोळ्याने तिच्याकडे पाहत होता.

"माय, तू? तू मले मारून राहिली?"

शोभाताई दोन पावलं मागे सरली. नीलाने तोंडावर पदर दाबला. आता थांबलं तर तो उठणार, आणि उठला की कोणाची गत काय होणार, हे तिघींनाही ठाऊक होतं. रुखमाबाईला धाप लागली होती. लपायला आता जागाच उरली नव्हती. आणि गंमत म्हणजे तिला भीतीही वाटत नव्हती.

"मीच आहो गा," ती म्हणाली. "व्याह्याच्या अंगावर मीच टाकलं होतं. तुह्याबी अंगावर मीच टाकलं."

"मले उठू दे फक्त," तो आतून गुरगुरला. "मंग पाहतो एकेकीले."

उठण्यासाठी त्याने पांघरुणाच्या आतूनच पंजा जमिनीवर टेकवला. त्याला जाळीतून ती दिसत होती, तसा तिलाही तो दिसत होता. पसरलेली पाचही बोटं तिने नीट पाहून घेतली आणि मोगरी डोक्यावर उचलली.