बाबांचा फेरफटका

पहिल्या झटक्यानंतर डॉक्टरांनी बाबांना तंबी दिली, "रोज चाला, नाहीतर काही खरं नाही." आईने पावलं मोजायचं जुनं यंत्र त्यांच्या पट्ट्याला अडकवलं. आत एक वजन, हिसका बसला की ते हलतं, चाक एक दात सरकतं आणि काटा पुढे जातो. हिसका पायाचा की आणखी कशाचा, हे त्याला कळत नाही.

रोज संध्याकाळी आई काटा बघायची. "अहो, आज पार नदीपर्यंत जाऊन आलात की!"

बाबा गेले ते न्हाव्याच्या खुर्चीत, गप्पा मारता मारता. न्हावी बाबांच्या लेकीला म्हणाला, "रोज इथेच तर बसायचे."

सगळं उरकल्यावर लेकीला ते यंत्र सापडलं भिंतीवरच्या घड्याळात, लंबकाला आडवं बांधलेलं. बाबा जाऊन दोन आठवडे झाले होते आणि ते अजून चालतच होतं. आईला कळलं तर ती पार खचेल, म्हणून लेकीने गुपचूप गाठ सोडायला घेतली.

मागे आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मानही वर केली नाही.



"राहू दे गं. तुला काय वाटलं, त्या घड्याळाला रोज चावी कोण देतं?"