मामंजींचा खोकला

ओसरीवर सिद्धलिंगप्पा खोकले आणि हेमावती चुलीपुढून उठली. पदर डोक्यावर ओढून भिंतीला लागून उभी राहिली. सासरे आत आले नाहीत. तव्यावरची भाकरी मात्र करपली.

वडीलधाऱ्या माणसानं घरात शिरताना खाकरायचं आणि सुनेनं उठून उभं राहायचं, ही खटकचिंचोळीतली रीत. हेमावती लग्न होऊन आली त्याला वर्ष झालं होतं, पण सासरे तिच्याशी अजून एक शब्द बोलले नव्हते. सगळा कारभार खाकरण्यावर चालायचा आणि तो बरा चालला होता. मग थंडीत सिद्धलिंगप्पांना तापानं गाठलं. ताप आठवड्यात गेला, खोकला मात्र घरजावयासारखा मुक्काम ठोकून बसला. आता हा खोकला आत येण्याचा की नुसताच, हे सुनेला कसं कळावं? बसून राहिली तर उद्धट ठरायची. म्हणून ती दर वेळी उठायची, आणि तुराट्यांचा जाळ काही कुणासाठी थांबत नाही.

काळी भाकरी ताटात पडली की सासूबाई, गुरुबाई, कपाळाला हात लावायच्या. औरादच्या अमृतप्पांची लेक भाकरीत वाकबगार म्हणून करून आणलेली, आणि ही गत! खरं कारण सांगायचं म्हणजे सासऱ्यांच्या खोकल्यावर बोट ठेवायचं. हेमावतीची जीभ रेटेना. काल तर गुरुबाईंनी निकालच देऊन टाकला होता. "सोमवारी औरादला जा. आईपाशी बसून भाकरी शिकून ये, मग बघू."

माहेरी जायला कुणाला नको असतं? पण अशा कारणानं गेलं तर बापाला गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाही. हेमावतीला कालपासून अन्न गोड लागत नव्हतं.

आज भालकीहून चन्नबसप्पा डॉक्टर फटफटीवर आले होते. सिद्धलिंगप्पांनी मनातल्या मनात क्षयाचा धसका घेतला होता. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठ ठोकून पाहिली आणि हसले.

"अण्णा, क्षय न्हाई न् काई न्हाई. ताप गेला, पर जाताना श्वासनळीचं आतलं अस्तर खरवडून गेला."

"अस्तर?"

"व्हय. नळीला आतून नाजूक अस्तर असतंय. त्याच्यावर डोळ्याला दिसणार न्हाई अशी बारीक लव, आन् वर चिकट ओलावा. धूळ, धूर त्या ओलाव्याला चिकटतो, लव त्याला वर लोटत लोटत बाहेर काढती. तापानं ती लव झडली, अस्तर उघडं पडलं. आता जरा धूर लागला की खोकला. नवी लव फुटायला महिना-दीड महिना लागतोय. तवर धुरापासून लांब ऱ्हावा."

सिद्धलिंगप्पांचा जीव भांड्यात पडला. तोच आतून करपलेल्या भाकरीचा धूर ओसरीवर आला. ते खोकले. हेमावती उठली. नुकतीच टाकलेली भाकरी करपू लागली. आणखी धूर आला. ते आणखी खोकले.

डॉक्टर उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. "पोरी, भाकरी जळायली आन् तू उभी कामून हाईस?"

हेमावतीनं डॉक्टरांमागून आलेल्या सासूकडं पाहिलं आणि मान खाली घातली. बोलावं तर पंचाईत, न बोलावं तर सोमवार.

"मामंजी खोकलेत," ती म्हणाली.

डॉक्टरांनी एकदा तव्याकडं पाहिलं, एकदा ओसरीकडं, आणि ते जे हसत सुटले ते थांबेचनात. "अण्णा, तुमच्या खोकल्यानं भाकरी करपायली, आन् करपलेली भाकरी तुमाला खोकायला लावायली! मग लव फुटायची कवा?"

सिद्धलिंगप्पा ओसरीवरून उठून आले. खाकरले नाहीत. दारात उभे राहिले आणि वर्षात पहिल्यांदा सुनेशी बोलले. "बस माय. मी किती बी खोकलो तरी उठू नगस. आन् सोमवारचं औराद बी ऱ्हाऊ दे."

हेमावतीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुराचं नव्हतं. ती तशीच मटकन खाली बसली आणि पदराआड हसली.

गुरुबाई मात्र हसल्या नाहीत. "तुमच्या अप्पांना, माझ्या मामंजींना, दमा हुता," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"हुता की. मग?"

"म्या सून हुते तवा दिवसभर अशीच उठबस करायची. भाकरी करपायच्या. 'हिला भाकरी येत न्हाई' म्हणून तुमीच माझ्या आईला निरोप धाडलात. सासूनं माझ्याकडचा तवा काढून घेतला. मग त्यो जावंकडं गेला, मग ह्या पोरीकडं. म्या बी धरून चालले, आपल्याला येतच न्हाई."

सिद्धलिंगप्पांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आला तो खोकलाच. ते तसेच खोकत ओसरीवर परतले.

"सरक गं," गुरुबाई हेमावतीला म्हणाल्या. पदर खोचून चुलीपुढं बसल्या, पिठाचा गोळा घेतला. सावकाश थापायला लागल्या. एका बाजूला कड फाटली, ती त्यांनी ओल्या बोटानं सांधली. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली. ओसरीवर खोकला चालूच होता. गुरुबाई जागच्या हलल्या नाहीत. भाकरी त्यांनी विस्तवापुढं धरली आणि ती टम्म फुगली.

"अगं बया," गुरुबाई म्हणाल्या, "मला येती की!"