खुणेचं नाव

कॉलेजतर्फे मी परदेशातल्या कर्णबधिरांच्या संस्थेत घरबसल्या इंटर्न होते. मीटिंगमध्ये सगळे हातांनीच बोलायचे. मीटिंग रंगात आली, की आई चहा घेऊन टपकायची. "कॅमेऱ्यात येऊ नकोस गं!" मी खेकसायचे, म्हणून ती भिंतीला चिकटून नुसता हात पुढे करून कप ठेवायची. शेवटच्या दिवशी संस्थेच्या मॅडमनी खुणांनी सांगितलं, "आम्ही आपल्या माणसाला खुणेचं नाव देतो." मग तळहातावर अलगद कप टेकवल्याची खूण केली. मी भारावून आभार मानले, तर त्या हसल्या. "हे त्या चहाच्या हाताचं. तुझं अजून ठरतंय." "केस तरी विंचरू दे!" म्हणणाऱ्या आईला मी ओढत कॅमेऱ्यासमोर आणलं. पडद्यावरच्या सगळ्यांनी तिला नावानं हाक मारली. संध्याकाळी बाबांनी नेहमीची हाक मारली, "अगं, ऐकलंस का?" आई आरशासमोर स्वतःला हातानं हाक मारून बघत होती.