उशिरा आलेला वारा

साडेचार वाजले आणि हवामान निरीक्षकाने हातातला पतंग खाली ठेवला. उडून जाण्याची भीती नव्हतीच, वाऱ्याचा पत्ताच नव्हता. अख्ख्या मैदानावर दीडशे पतंग असेच पालथे पडले होते आणि त्यांचे मालक शेजारी बसून शेंगा फोडत होते.

पतंगांच्या उत्सवाला हवामान खात्याचा माणूस घरातच असणं ही तशी मिरवण्याची गोष्ट. गेले आठ दिवस तो भेटेल त्याला सांगत सुटला होता, रविवारी चारच्या आत वारा येणार म्हणजे येणार. आता जो तो त्याला विचारत होता, काय साहेब, वारा रजेवर गेला वाटतं. तो हसून घेत होता, पण आतून पार ओशाळला होता.

त्यात ही ड्यूटी. तलावापलीकडच्या टेकडीवर वेधशाळा होती आणि तिथली साडेपाचची नोंद साडेपाचलाच घ्यावी लागे. कामावरचा जोडीदार नेमका तापाने फणफणला होता. बायकोला हे सगळं पाठ होतं. तिने चहाचा थर्मास त्याच्या पिशवीत कोंबला आणि एवढंच म्हणाली की लग्नाला पंधरा वर्षं झाली, या माणसाने एक उत्सव शेवटपर्यंत बघितला असेल तर शपथ.

लेक मात्र पतंगाशेजारीच बसून होती. बारा वर्षांची पोर दोन महिने त्या पतंगाला चिकटून होती. सात जुन्या छत्र्या उसवून तिने कापड जोडलं होतं. सगळं काळं, आणि मधोमध आईच्या कॉलेजातल्या छत्रीचा लाल तुकडा. पतंग तिच्याहून उंच झाला होता. सहाला मैदान बंद, तोवर जो वर गेला नाही तो राहिला. पतंग धरायला बाबाच हवेत, हे तिने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, आणि बाबा तेव्हा हो म्हणून बसले होते.

“आता आई धरेल,” तो म्हणाला.

“तुम्ही दर वर्षी जाता,” ती दोरा गुंडाळत म्हणाली. मान वर केलीच नाही.

त्याचा पाय निघत नव्हता. तरी स्कूटरला किक मारली.

वेधशाळेच्या गच्चीवर वारा मोजणाऱ्या तीन वाट्या खांबावर गप्प उभ्या होत्या. खाली तलाव, आणि तलावाच्या पलीकडे तळहाताएवढं मैदान. त्याने पांढऱ्या पेटीतला पारा बघितला, ढग बघितले, बघण्यासारखं फार काही नव्हतंच. पाच वीसला डोक्यावर काहीतरी कुरकुरलं. एक वाटी हलली. थांबली. मग तिन्ही फिरायला लागल्या त्या थांबेचनात.

त्याने वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या बाणाकडे पाहिलं. पश्चिम. खाली तलावाचा अलीकडचा काठ लहरींनी काळपट पडला होता आणि तो काळपट पट्टा पाण्यावरून मैदानाच्या दिशेने सरकत होता. त्याने मनातल्या मनात हिशोब केला आणि घाईघाईने फोन लावला.

“आता काय विसरलात?” बायकोने विचारलं.

“वारा येतोय. पाच मिनिटांत पोचेल. पण तलावाकडून. तिला दोरा घेऊन तलावाला पाठ करून उभी कर आणि तू पतंग घेऊन समोरच्या टोकाला, मंडपाकडे जा.”

“अहो, सगळे तर मंडपाला पाठ करून बसलेत.”

“बसू देत. तू ऐक.”

 चार वाजल्यापासून त्याच्या शब्दाची काय किंमत झाली होती ते त्याला माहीत होतं.

“हाच का तो चारचा वारा?” तिने विचारलं.

“हाच. त्यालाही उशीर झाला.”

ती हसली आणि लेकीला हाक मारली. फोन बंद करायची ती विसरली. त्यानेही तो तसाच, स्पीकर लावून, कठड्यावर ठेवला, कारण पाच सत्तावीस झाले होते. नोंद घ्यायची तर शेवटची तीन मिनिटं वेगाच्या तबकडीवरून नजर काढायची नाही, आणि तबकडी होती भिंतीवर. मैदान बरोबर त्याच्या पाठीमागे.

तो काट्याकडे बघत राहिला. मागून फोनमधून आवाज येत होते. बायकोला लागलेली धाप. कुणीतरी म्हणालं, वहिनी, उलट्या बाजूला उभ्या आहात. दोन-चार जण हसले. मग नुसती खरखर.  आपण पुन्हा तोंडावर पडलो तर एक वेळ चालेल, पण पोरीचा पतंग या लोकांसमोर पडायला नको, असं त्याला फार वाटलं.

आणि एकदम असा गलका झाला की फोन कठड्यावर थरथरला. अर्धं मिनिट बाकी होतं. तो वळला नाही. साडेपाचला त्याने दिशा लिहिली, वेग लिहिला, अक्षर जरा वाकडं आलं. मग तो वळला.

सगळ्या आभाळात एकच पतंग होता. काळा, आणि मधोमध लाल. खाली दीडशे माणसं उठून, फिरून, एकमेकांच्या दोऱ्यात पाय अडकवत आपापल्या जागा बदलत होती. निरीक्षकाने गच्चीवर एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. डोळे भरून आले तेही त्याने पुसले नाहीत.

“बाबा, दिसतोय का?” आईने फोन तिच्या कानाला लावला असावा.

“दिसतोय की. तुमच्यापेक्षा चांगला दिसतोय.”

मग दोऱ्याला केवढी ओढ आहे, आईची चप्पल कशी तुटली, हसणारे काका कसे धावतायत, सगळं तिने एका दमात सांगितलं. तो नुसता हं हं करत होता.

“आणि बाबा,” ती म्हणाली, “पुढच्या वर्षी जेवण झाल्या झाल्या टेकडीवर निघायचं हं तुम्ही. इथे रेंगाळायचं नाही.”